विणकाम, भरतकाम, वाचन

आमच्या कंपनीत दर सहा-आठ महिन्यांनी एखादा नवा साहेब यायचा आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांना गोल बसवून आपापली ओळख करून द्यायला लावायचा. नाव आणि हुद्दा त्याला समोरच्या कागदावर दिसतच असे. त्याला हवं असायचं ‘समथिंग इंटरेस्टिंग’. मग चाळिशी उलटलेली माणसं बालवाडीतल्या मुलांसारखी एकेक करून सांगत, मला ट्रेकिंग आवडतं, मला कुकिंग आवडतं, मी गिटार शिकतोय. गिटार शिकणारे इतके होते, की त्यातल्या एकालाही ती वाजवताना कधी ऐकलं कसं नाही, याचं मला नवल वाटे. माझी पाळी आली की मात्र खोलीतली चुळबुळ थांबायची. मी सांगायचो, शाळेत असल्यापासून मला शॉर्टवेव्ह रेडिओचा नाद. जगभरातली केंद्रं शोधायची, काय ऐकू आलं त्याचा सविस्तर रिपोर्ट त्यांना पाठवायचा, आणि ‘होय, तुम्ही आम्हालाच ऐकलंत’ असं खात्रीचं कार्ड त्यांच्याकडून मागवायचं. माझ्याकडे एक्केचाळीस देशांची कार्डं आहेत. हे ऐकून कुणीतरी ‘वॉव’ म्हणायचंच. नवा साहेब पुढे वर्षभर माझी ओळख ‘आपला रेडिओमॅन’ अशी करून द्यायचा.

यातलं काही खोटं नाही. कार्डं आहेत, मोजून एक्केचाळीस आहेत, आणि प्रत्येकावर माझंच नाव आहे. फक्त ती केंद्रं मी ऐकलेली नाहीत. ती माझ्या थोरल्या बहिणीनं ऐकली. गेली तीस वर्षं मी ज्या गोष्टीच्या जोरावर स्वतःची ओळख करून देतोय ती गोष्ट तिची आहे, आणि हे मी तिच्यासमोर, चारचौघांत, एकदाही कबूल केलेलं नाही. एकदा, एका वाक्यात, बोलून टाकायचं होतं. ते कसं राहिलं ते सांगतो.

आम्ही हडपसरला एका कारखान्याच्या कामगार वसाहतीत राहायचो. बाबा फिटर होते. त्यांनी एका बोनसमध्ये तीन बँडचा ट्रान्झिस्टर घेतला, तो बातम्या आणि क्रिकेटपुरता. बाकीचे दोन बँड कशासाठी असतात हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. ताई तेव्हा अकरावीला होती, मी आठवीत. तिनं एकदा पहाटे उगाच चाक फिरवलं आणि खरखरीतून एक बाई इंग्रजीत हवामान सांगताना ऐकू आली. कुठलं हवामान, कुठलं गाव, काही कळेना. ताईनं तीन दिवस त्याच वेळी उठून तीच जागा पकडली आणि तिसऱ्या दिवशी शोधून काढलं, की ते ऑस्ट्रेलियातलं केंद्र आहे. त्या दिवशी ती कॉलेजला जाताना जिन्यातून उड्या मारत उतरली हे मला अजून दिसतं.

बाबांनी हौसेनं कारखान्यातून जळक्या मोटरची तांब्याची तार आणून दिली. ती आम्ही एरियल म्हणून गॅलरीतून समोरच्या शेवग्याला बांधली. मग रोज पहाटे, नळाला पाणी यायच्या आधी, ताई रेडिओला कान लावून बसायची. मी शेजारी वही घेऊन. मला नुसती भजी तळल्यासारखी चुरचुर ऐकू यायची. ती म्हणायची, ‘‘अरे, आवाजाकडे लक्ष देऊ नकोस. त्याच्या मागे कुणीतरी बोलतंय बघ.’’ मी मान डोलवायचो. मागे कुणी नसायचं. मला कधीच कुणी ऐकू आलं नाही, दोन-चार दांडगी केंद्रं सोडली तर. ताईला मात्र एकावर एक बोलणाऱ्या तीन भाषांतून हवी ती वेगळी काढता यायची. केंद्र सुरू होण्याआधी वाजणारी त्याची खुणेची धून दोन सुरांत ओळखायची. घड्याळातून साडेपाच तास वजा करून ती ग्रिनिचची वेळ लिहायची, आवाज किती स्पष्ट, मध्ये कुणाचा अडथळा, निवेदक पुरुष की बाई, काय बोलला. कच्चा रिपोर्ट तिचा. तिचं इंग्रजीही त्या रेडिओनंच घडवलं होतं. माझं काम एवढंच, की माझं अक्षर चांगलं म्हणून ते सुवाच्य उतरवून काढायचं आणि पोस्टात नेऊन टाकायचं.

पहिल्या रिपोर्टखाली तिनं स्वतःचं नाव लिहिलं होतं. बाबांनी ते पाहिलं आणि म्हणाले, ‘‘मुलीचं नाव-पत्ता परक्या देशात पाठवायचा नाही. कोण कुठला माणूस पत्रं लिहीत बसेल. याचं नाव घाल.’’ ते रागावले नव्हते. पंखा बंद कर म्हणावं इतक्या सहज म्हणाले. ताईनंही वाद घातला नाही. कार्ड शेवटी आमच्याच घरी येणार होतं.

दोन महिन्यांनी पहिलं कार्ड आलं, माझ्या नावानं. पोस्टमननं ते सगळ्या वसाहतीला दाखवत आणलं. पुढच्या आठवड्यात शाळेत प्रार्थनेनंतर मुख्याध्यापकांनी मला पुढे बोलावून सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. मी म्हणालो, ‘‘माझी ताई पण ऐकते.’’ ते माईकच्या बाहेर पडलं बहुतेक. पुढच्या वेळी मी तेही म्हणालो नाही. सुरुवातीची वर्षं घरी तरी ‘आमची कार्डं’ असा शब्द होता. बारावीला येईपर्यंत मी मित्रांना माझी कार्डं दाखवायला घेऊन यायचो आणि ताई आतून चहा आणून द्यायची.

मग देशात सगळं खुलं झालं म्हणतात तो काळ आला. बाबांच्या कारखान्यात स्वेच्छानिवृत्तीची कुजबुज सुरू झाली. ती स्वेच्छा कुणाची असते हे सगळ्यांना माहीत होतं. नोकरी आहे तोवर मुलीचं उरकून टाकावं, असं बाबांच्या मनानं घेतलं. ताई बी.कॉम. होऊन एका वकिलाकडे टायपिंग करत होती. मी नुकताच कॉम्प्युटर क्लासला जायला लागलो होतो. गाळा चार यंत्रांचा, आत जाताना चपला बाहेर काढायच्या, आणि सर असे वावरायचे की जणू आत गाभारा आहे. बाबा म्हणाले, ‘‘आता हातानं लिहिलेला बायोडेटा कोण बघतो? तू कॉम्प्युटरवर करून आण.’’

निघताना ताई स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘‘छंदात शॉर्टवेव्ह लिही हं. म्हणजे काय ते कंसात लिही, नाहीतर लोकांना कळणार नाही.’’

बाबा म्हणाले, ‘‘लोक म्हणतील, दिवसभर गाणी ऐकत बसते. तू बघ रे, काय शोभेल ते.’’

म्हणजे बाबांनी नाही म्हटलं नव्हतं. माझ्यावर सोपवलं होतं. बाबांच्या माथी मारून मोकळं व्हायची सोय मला आहे आणि पुष्कळदा मी ती वापरलीही आहे, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

सरांच्या यंत्रात कुठल्याशा मुलीचा तयार बायोडेटा होता. तोच उघडायचा आणि माहिती बदलायची, असं त्यांनी दाखवलं. मी नाव बदललं, जन्मवेळ बदलली, रास, नाडी, उंची, शिक्षण, मामांचं गाव, सगळं बदललं. छंदाच्या ओळीत त्या मुलीचं होतं, ‘विणकाम, भरतकाम, वाचन’. तिथे मी थांबलो. पडद्यावरचा तो चौकोनी ठिपका तिथे उघडझाप करत होता आणि मी बघत होतो. आळस केला असं मी नंतर स्वतःला सांगत आलो. आळस नव्हता. एकाच घरात एकच छंद दोघांच्या नावावर लागला, तर कुणीतरी विचारणार की यातलं खरं कोण ऐकतं. मी खालची ओळ गाठली आणि ‘अपेक्षा’ टाइप केलं. कॉम्प्युटरवर आयुष्यात पहिल्यांदा मी केलेला कागद तो. खडखडत छापून बाहेर आला तेव्हा मला फार अभिमान वाटला होता.

ताईनं तो वाचला. छंदाशी आल्यावर माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, ‘‘हे कुणी लिहिलं?’’

मी म्हणालो, ‘‘सरांनी. त्यांच्या यंत्रात तसंच येतं.’’

ती हसली. प्रती काढून झाल्या होत्या.

स्थळ मांजरीचं जमलं. जावई नोकरीला, घरची उसाची थोडी शेती, माणसं सरळ. सरळच फार. ताईच्या सासूबाईंनी कागदावरचा शब्द न् शब्द खरा धरला आणि आळीत सांगून टाकलं, ‘‘आमच्या सुनंला लोकरीचं समदं इणाया येतंय. भरतकाम बी हाय.’’ लग्नानंतरच्या पहिल्याच थंडीत त्यांनी लोकरीच्या बारा लड्या आणून ताईपुढे ठेवल्या. सासऱ्यांना स्वेटर, दोन दिरांना स्वेटर, नणंदेच्या बाळाला टोपडं. ताईनं जन्मात सुई हातात धरली नव्हती. माहेरची आठवण येते असं सांगून ती आठ दिवस हडपसरला आली आणि वसाहतीतल्या एका काकूंकडे सकाळ-संध्याकाळ बसून उलट टाका, सुलट टाका शिकली. बोटांना फोड आले. पहिला स्वेटर तिनं चार वेळा उसवला. आईला वाटत होतं, पोरीला सासरी जाच आहे की काय. जाच नव्हता. माझा बायोडेटा होता.

त्या आठ दिवसांत ती एकदाच पहाटे उठून रेडिओपाशी बसली. जाताना बाबा म्हणाले, ‘‘घेऊन जा गं तो. इथे आता कोण ऐकतंय?’’ मी आतून ओरडलो, ‘‘अहो, माझा छंद आहे तो.’’ ती म्हणाली, ‘‘राहू दे बाबा, तिथे टीव्ही आहे.’’ आणि पिशवीत सुया घालून बसस्टॉपवर गेली.

मी तो रेडिओ ठेवून घेतला. पहाटे गजर लावून बसलो, अगदी प्रामाणिकपणे, महिनाभर. चुरचुर. शेवगाही पुढे वसाहतीनं तोडला. एकाही केंद्राला मी रिपोर्ट पाठवू शकलो नाही. ताईच्या लग्नानंतर आमच्याकडे एकही नवं कार्ड आलेलं नाही.

तीन वर्षांनी मी नोकरीच्या मुलाखतीला गेलो. एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर कंपनी होती. अमेरिकेची कामं नुकती यायला लागली होती. बाहेर माझ्याएवढेच मार्क असलेली, माझ्यासारखाच नवा टाय घातलेली पंधरा-वीस मुलं. आतल्या साहेबांनी विचारलं, ‘‘टेल मी अबाउट युवरसेल्फ.’’ मी कार्डांचा अल्बम त्यांच्यापुढे ठेवला. पुढची वीस मिनिटं ते दुसरं काही बोललेच नाहीत. वेळेचं गणित कसं करायचास, आवाज नीट येत नसेल तर केंद्र कसं ओळखायचास? मी ताईची वाक्यं जशीच्या तशी सांगितली. आवाजाकडे लक्ष द्यायचं नाही, त्याच्या मागे कुणीतरी बोलत असतं, हेसुद्धा. ते खुर्चीत मागे रेलले आणि म्हणाले, असा मुलगा मला हवाय.

नोकरी लागली. ताई माहेरपणाला आली होती. मी पेढे घेऊन आलो आणि साहेबांनी काय विचारलं, मी काय सांगितलं, ते सगळं साभिनय तिला ऐकवलं. ती विणत होती. मध्येच हात थांबवून माझं संपेपर्यंत ऐकत राहिली. मग म्हणाली, ‘‘बरं झालं.’’ आणि पुन्हा टाके मोजायला लागली.

पुढचं काही वेगळं नाही. त्या नोकरीतून दुसरी, दुसरीतून परदेश, तिथून परत येऊन कोथरूडला फ्लॅट. रेडिओ दिवाणखान्यात काचेमागे. दूरदेशीची केंद्रं एकेक करून बंद पडली, त्यावर मी गळा काढून लेखही लिहिला आणि तो आमच्या कंपनीच्या मासिकात आला. ताई विणत राहिली. सासूबाई गेल्या, दीर वेगळे झाले, मुलाचं लग्न झालं, मांजरीला उसाच्या जागी इमारती आल्या, आणि त्या इमारतींतल्या बायका तिच्याकडे बाळांचे स्वेटर सांगायला लागल्या. तिचं काम सुरेखच आहे. खोटं कशाला बोलू, माझ्या अंगावरचा स्वेटरही तिचाच आहे.

गेल्या हिवाळ्यात आमच्या सोसायटीनं छंद-प्रदर्शन भरवलं. बोन्साय, रांगोळ्या, काडेपेट्यांचे छाप, एकाच्या तर नुसत्या लग्नपत्रिका. मी कार्डांचे चार फलक केले आणि मध्ये रेडिओ ठेवला. नातेवाइकांनाही टेबल मिळत होतं, म्हणून ताईला म्हणालो, तुझं विणकाम घेऊन ये. मनात एक होतं. या वेळी लोकांसमोर सांगून टाकायचं. मुद्दाम तिचं टेबल माझ्या शेजारी घेतलं. वाक्यही ठरवलं होतं. ‘ही सगळी केंद्रं माझ्या बहिणीनं ऐकली आहेत.’ सात शब्द. कोथरूडच्या माणसाला सात शब्द जड नाहीत, तो रिक्षावाल्यालाही याहून जास्त ऐकवतो.

ती आली, स्वेटर मांडले, आणि मग फलकांपाशी गेली. पंचवीस-तीस वर्षांनी ती कार्डं एकत्र बघत होती. एकेका कार्डाजवळ थांबत होती. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. पण तेव्हा सोसायटीचे सेक्रेटरी आले, पाहुणे आले, गर्दी झाली.

त्या गर्दीत कॉलेजातला एक मुलगा होता. बारकाईनं बघणारा. म्हणाला, ‘‘काका, ब्याण्णवनंतरचं एकही कार्ड नाहीये?’’

मी म्हणालो, ‘‘नोकरी लागली. वेळ कुठे मिळतो?’’

त्यानं मान हलवली आणि एका पत्राकडे बोट दाखवलं. पॅसिफिकमधल्या एका बेटावरच्या केंद्राचं होतं ते. त्यांनी लिहिलं होतं, की आमच्या ढोलाच्या धुनेचं इतकं अचूक वर्णन आजवर कुणी केलेलं नाही. ‘‘कशी होती ती धून?’’ तो म्हणाला. ‘‘सांगा ना काका.’’

मी तोंड उघडलं. ‘‘म्हणजे... ढोल होता... आदिवासी पद्धतीचा,’’ असं काहीतरी बोललो. मुलगा थांबून राहिला. आणि शेजारच्या टेबलावर टकटक झाली. ताई विणायच्या सुया उलट्या धरून टेबलावर ठेका धरत होती. तीन संथ, दोन जलद, मग एक थांबा, मग पुन्हा तीन. डोळे मिटले होते. तिनं पूर्ण वाजवलं, अगदी शेवटचा ठोका कसा विरत जायचा त्यासकट, आणि डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं.

टाळ्या वाजल्या. सेक्रेटरी कौतुकानं म्हणाले, ‘‘बघा, भावाचं ऐकून ऐकून ताईंनाही पाठ झालं!’’

सगळे हसले. ताई माझ्याकडेच पाहत होती. सात शब्द.

‘‘हो ना,’’ मी म्हणालो.

संध्याकाळी मी तिला गाडीनं मांजरीला सोडायला निघालो. स्वारगेट मागे पडलं. मग मी म्हणालो, ‘‘ताई, मी आज सांगायला हवं होतं.’’

‘‘आजचं सोड,’’ ती म्हणाली. ‘‘तू मुलाखतीहून आलास ना, पेढे घेऊन, तेव्हा मला वाटलं होतं, आता म्हणशील.’’

‘‘काय?’’

‘‘की थोडं माझंही आहे त्यात. सगळं नको होतं मला. घरात म्हटलं असतंस तरी पुरलं असतं.’’

मला रडू फुटेल असं वाटलं. फुटलं नाही. मी म्हणालो, ‘‘कार्डं डिकीत आहेत. सगळी घेऊन जा. तुझीच आहेत.’’

‘‘नेऊन काय करू? प्रत्येकावर तुझं नाव आहे. सूनबाईला काय सांगू, मामांच्या वस्तू सांभाळतेय म्हणून?’’ तिचा आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर मला सोपं गेलं असतं. ‘‘मला आता राग येत नाही. पण तू मला पुन्हा बोलावू नकोस असल्या ठिकाणी.’’

घराशी उतरली, स्वेटरांचं गाठोडं घेतलं, ‘‘सावकाश जा, ट्रॅफिक असेल,’’ म्हणाली आणि आत गेली.

पुढच्या रविवारी बक्षीस समारंभ झाला. पहिला क्रमांक कार्डांना. विणकामाला उत्तेजनार्थ, ते मीच तिच्या वतीनं घ्यायचं ठरलं होतं. मी दोनदा व्यासपीठावर गेलो. दुसऱ्या वेळी सेक्रेटरींनी माईक माझ्या हातात दिला आणि म्हणाले, दोन शब्द बोला. समोर शंभरेक माणसं होती. ताई नव्हती. तिच्यासमोर नाही तर निदान तिच्या माघारी बोलायला काहीच आड येत नव्हतं.

‘‘लहानपणापासूनची आवड आहे,’’ मी म्हणालो. ‘‘पहाटे उठून बसायचो. आवाजाच्या मागे कुणीतरी बोलत असतं, ते ऐकायची सवय लागावी लागते.’’

हे बोलताना मी जराही अडखळलो नाही.